होडी भाड्याने देण्याच्या खिडकीवरील काम : खाडीकाठच्या शेतकरी कुटुंबांसाठी

(उलवे येथे शेतकरी व ग्रामीण युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. भात, वाल आणि खारजमीन हे माझे नेहमीचे विषय. तेव्हा होड्या भाड्याने देण्याच्या कामावर मी काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. परंतु या भागात फिरताना अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो. जमीन संपादनात गेली किंवा थोडीच उरली, मुलगा बारावी झाला आहे, त्याने काय करावे? त्या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एका उत्तराचा आज विचार करू. ते काम लहान दिसते, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

बदललेला परिसर

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्यानंतर विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि गावठाणे हलली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली.

या सर्व बदलात एक गोष्ट मात्र जागेवर राहिली, ती म्हणजे खाडी. समोर पनवेल खाडी, पलीकडे बेलापूर, न्हाव्याच्या बाजूला घारापुरी. बेलापूरच्या धक्क्यावरून १७ फेब्रुवारी २०२२ रोजी जलटॅक्सी सुरू झाली. ऐरोलीला वन विभागाच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहण्यासाठी होड्या सोडल्या जातात. गेटवेवरून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस आपल्या परिचयाच्या आहेत. रस्ते जवळ आले की माणसे पाण्याकडे येतात, आणि जेथे माणसे येतात तेथे होड्या भाड्याने देण्याची खिडकी उघडते. नौकाविहाराच्या होड्या बांधून ठेवण्याच्या अशा धक्क्याला हल्ली मरिना म्हणतात.

हा प्रकार केवळ समुद्रकाठचा नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात सातारा जिल्ह्यातील अनेक गावांची शेते बुडाली. आज त्याच पाण्यावर तापोळा आणि बामणोली येथे बोट क्लब चालतात आणि वासोट्याला जाणारे पर्यटक तेथूनच होडी घेतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यामुळे तलावाकाठच्या शेतावर पर्यटन केंद्र काढून एक-दोन होड्या ठेवण्याचा विचार घाटावरचे शेतकरीही करू लागले आहेत. म्हणून हे विवेचन नोकरी करणाऱ्या तरुणासाठी आहे, तसेच उद्या होडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यासाठीही आहे.

खिडकीवरचा माणूस नेमके काय करतो?

पावत्या फाडणारा आणि पैसे घेणारा, अशी या कारकुनाची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे काम खिडकी उघडण्याच्या तासभर आधी सुरू होते. दिवसाच्या क्रमाने ते असे :

१) भरती-ओहोटीच्या वेळा आणि हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा फळ्यावर लिहिणे.

२) कोणत्या होड्या चालू आहेत, तांडेल व खलाशी कोण आहेत, इंधन किती आहे, याची नोंद करणे.

३) लाइफ जॅकेट मोजणे. मोठ्यांची वेगळी आणि मुलांची वेगळी. तुटलेला पट्टा किंवा बक्कल असलेले जॅकेट बाजूला काढणे.

४) गिऱ्हाइकाला भाड्याची पद्धत समजावून सांगणे. भाडे माणशी आहे, तासावर आहे की पूर्ण होडीचे आहे, अनामत किती, उशीर झाल्यास आकार किती, हे आधी सांगितले की नंतर वाद होत नाही.

५) नोंदवहीत पुढील बाबी लिहिणे : होडीचा क्रमांक, तांडेलाचे नाव, गटप्रमुखाचे नाव व दूरध्वनी, एकूण माणसे, त्यांपैकी मुले, दिलेली जॅकेट, निघण्याची वेळ आणि परत येण्याची अपेक्षित वेळ.

६) होडी परत आली की माणसे पुन्हा मोजून त्याच ओळीत वेळ लिहिणे व सही करणे.

७) संध्याकाळी पावत्या, रोकड आणि नोंदवही यांचा मेळ घालणे.

यातील पाचवी आणि सहावी बाब सर्वांत महत्त्वाची. होडी पाण्यात गेल्यावर तीत किती माणसे आहेत हे काठावर सांगू शकेल असा एकच कागद असतो, तो म्हणजे ही नोंदवही. अपघात झाल्यावर शोध किती जणांचा करायचा, हे त्यावरून ठरते. अर्ध्या तिकिटाच्या किंवा बिनतिकिटाच्या मुलांची नोंद अनेक ठिकाणी होत नाही. अर्धे तिकीट म्हणजे अर्धे माणूस नव्हे. कडेवरचे मूलसुद्धा मोजणीत एक धरावे आणि त्याच्या मापाचे जॅकेट असेल तरच पाठवावे.

आपल्याकडे असलेले भांडवल

शहरातून आलेल्या मुलापेक्षा खारेपाटातल्या मुलाला या कामात एक गोष्ट अधिक येते. त्याला पाणी कळते. ज्यांच्या घरी बाहेरकाठ्याची निगा राखली गेली, उघाडीची दारे पाहिली गेली, खांड गेल्यावर रात्री धावाधाव झाली, त्यांना उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. त्या लावणाऱ्यांना उधाणाचे पाणी शेतात शिरले तर काय होते हे ठाऊक आहे. हेच ज्ञान खिडकीवर उपयोगी पडते.

जुन्या माणसांचा हिशेब आपल्याला माहीत असेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती.

आता याचा खिडकीवर उपयोग पाहा. पर्यटकांना सूर्यास्ताची फेरी हवी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी भरती असते, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण ओहोटी असते. त्यातच ते दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी सर्वांत खाली गेलेले असते. अशा दिवशी साडेपाचला सोडलेली होडी चिखलात रुतून अंधार होईपर्यंत अडकू शकते. अष्टमीच्या आसपास मात्र संध्याकाळी सहाला भरती असते आणि भांगाचे पाणी संथ असते. ज्याला हे कळते तो कारकून फोनवर आलेल्या गिऱ्हाइकाला योग्य दिवस सुचवू शकतो. ऐरोलीच्या फ्लेमिंगो फेऱ्यांच्या वेळाही भरती पाहूनच ठरतात.

तथापि तिथीचा हिशेब हा अंदाज आहे. खाडीत आत जावे तशी भरती थोडी उशिरा पोहोचते. म्हणून अंतिम निर्णय छापील कोष्टक पाहूनच करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके यासाठी वापरली जातात.

दुसरे ज्ञान वळवाच्या पावसाचे. काढून ठेवलेला माल झाकायला धावणाऱ्या शेतकऱ्याला मे महिन्यातील दुपारनंतरचे आभाळ कळते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना मेच्या शेवटच्या पंधरवड्यातील आहेत. ईशान्येला काळे ढग चढले, वारा एकदम पडला आणि उकाडा वाढला, की खिडकी बंद करावी. गिऱ्हाइकाला समोर ऊन दिसत असते, म्हणून तो वाद घालतो. अशा वेळी पैसे परत द्यावेत, पण होडी सोडू नये.

क्षमता म्हणजे काय?

लागवडीचे अंतर आपण जाणतो. शिफारशीपेक्षा दाट रोपे लावली तर पहिले काही दिवस शेत भरलेले दिसते आणि पुढे पीक लोळते. होडीची क्षमता ही अशीच शिफारस आहे, फरक एवढाच की येथे नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येत नाही.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक होडीची पाहणी, नोंदणी आणि विमा आवश्यक आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. आपल्याकडे परवान्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाची परवानगीही लागते. परवान्यावर जो आकडा असतो तो होडीवर आणि खिडकीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा.

आकडा ओलांडला की काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे अंधार पडल्यावर निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होडी उलटून २२ जण गेले, त्यांत बरीच मुले होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत जास्त मुले होती आणि सर्वांना जॅकेट नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. टक्कर हे त्या अपघाताचे कारण होते, पण लाँचवर क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती हेही पुढे आले. रायगड जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट सांगावी लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या त्या बोटीत सहाशेहून अधिक माणसे गेली.

जादा माणसे आणि उत्पन्न : एक हिशेब

मालक म्हणेल, दोन माणसे जास्त घेतली तर काय बिघडते? त्याचा मोह खरा आहे, म्हणून हिशेबच मांडू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, १२ माणसांची होडी आहे आणि भाडे माणशी १०० रुपये आहे. हंगाम १ सप्टेंबर ते २५ मे, म्हणजे २६७ दिवस. त्यांत गर्दीचे ६० दिवस धरू. त्या दिवशी ६ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत २ माणसे जादा बसविली, तर वर्षाला ७२,००० रुपये जास्त मिळतील.

आता उरलेले २०७ साधे दिवस पाहा. या दिवशी ३ फेऱ्या होतात आणि होडी निम्मी रिकामी जाते. कारकुनाने प्रत्येक फेरीला २ माणसे अधिक मिळविली, तर १,२४,२०० रुपये जास्त मिळतात, आणि तेही क्षमतेच्या आत राहून. शाळांच्या सहली, पक्षी पाहणारे गट, आठवड्याच्या मधल्या दिवशी येणारी वयस्कर मंडळी यांची नावे व दूरध्वनी लिहून ठेवणे, भरतीप्रमाणे वेळ ठरवून देणे, वेळेवर फोन उचलणे, एवढ्याने हे होते. म्हणजे कारकुनाची बुद्धी रविवारी माणसे कोंबण्यात न वापरता मंगळवारची होडी भरण्यात वापरावी. एका अपघाताने परवाना जातो, खटला उभा राहतो आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला तोंड दाखविता येत नाही. त्याची किंमत या हिशेबात मांडलेलीच नाही.

नाही म्हणण्याचा अधिकार

येथे मला आजचा मुख्य मुद्दा सांगायचा आहे. होडी सुटण्यापूर्वीची शेवटची उघाडी ही खिडकी आहे. पाणी चढत असताना उघाडीचे दार कोणी भिडेखातर उघडे ठेवत नाही. तसेच खिडकीवरच्या माणसाला 'नाही' म्हणता आले पाहिजे. परंतु होते असे की, तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो, समोर चौदा जणांचे कुटुंब उभे असते, आणि 'आम्ही सगळे घरचेच आहोत, दाटीवाटीने बसतो' असे म्हणत असते. तांडेलाला फेरी हवी असते. मालक मागून पाहत असतो. नोकरी जाईल या भीतीने मुलगा पावती फाडतो. पुढे काही झाले तर पावतीवर सही त्याचीच असते.

म्हणून होडीमालकांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

१) क्षमता, हवामान आणि वेळ या तीन कारणांसाठी होडी न सोडण्याचा अधिकार कारकुनाला लेखी द्यावा. तो कागद खिडकीवर लावावा. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा कागदाकडे बोट दाखविणे सोपे असते.

२) कारकुनाला फेऱ्यांवर किंवा माणसांवर कमिशन देऊ नये. ठरलेला मासिक पगार द्यावा. ज्याला माणशी पैसे मिळतात त्याच्याकडून मोजणीची अपेक्षा करणे चुकीचे आहे.

३) तांडेल आणि कारकून या दोघांपैकी एकाने नको म्हटले तरी होडी थांबेल, असा नियम ठेवावा.

४) होडी ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आली नाही तर काय करायचे, हे आधी ठरवावे. प्रथम तांडेलाला फोन, मग दुसरी होडी, आणि लगेच मदतीची मागणी. तटरक्षक दलासाठी १५५४, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर रंगवावेत.

आणि नोकरी धरणाऱ्या तरुणांनी हे पाहावे :

१) नेमणुकीचे पत्र, किमान वेतन आणि विमा मागून घ्यावा. पत्र देत नसतील तर तेथे पावतीवर सही करू नये.

२) कामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक होडीचा परवाना स्वतः वाचावा आणि क्षमता वहीत लिहून घ्यावी.

३) स्वतःला पोहता येत असले तरी प्रथमोपचार आणि बुडणाऱ्याला वाचविण्याचे शिक्षण घ्यावे.

४) गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलावे. 'दोन होड्या घ्या, किंवा दोघे पुढच्या फेरीला या. आजी आणि लहान मूल सावलीत बसू द्या, मी चहा सांगतो,' असे म्हटले की निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

शेतीशी सांगड

ज्यांची पेण, उरण, अलिबाग किंवा पनवेल तालुक्यात थोडी भातशेती शिल्लक आहे, त्यांना हे काम सोयीचे आहे. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात गेटवे-मांडवा यांसारखी जलवाहतूक बंद असते. राब भाजून रोहिणीत रोपवाटिका टाकणे, आषाढात लावणी, नंतर बेणणी आणि खताचा हप्ता, ही सर्व कामे याच काळात येतात. सप्टेंबरला खिडकी उघडते तेव्हा भात निसवण्याच्या अवस्थेत असते. फक्त ऑक्टोबरमधील कापणीसाठी आठवडाभर रजा लागते, ती नेमणुकीच्या वेळीच बोलून घ्यावी. शक्य असेल तेथे हळव्या जातीची निवड केली तर कापणी दिवाळीच्या गर्दीआधी उरकते. भातानंतर ओलीवर टाकलेल्या वालाला फारसे लक्ष द्यावे लागत नाही.

घरातील बहिणी आणि सुना यांनाही हे काम जमण्यासारखे आहे. बचत गटाचे हिशेब ज्यांनी चोख ठेवले आहेत, त्यांच्या हातात नोंदवही दिली तर ती नीट राहील. मालकांनी याचा विचार करावा.

बंधू-भगिनींनो, जमीन गेली त्याची भरपाई अशा नोकरीने होते, असे मी म्हणणार नाही. साडेबारा टक्क्यांचा आणि पुनर्वसनाचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे आणि तो त्याच्या जागी मांडलाच पाहिजे. पण खाडीवर जो व्यवसाय वाढेल त्यात आपल्या मुलांनी केवळ सामान उचलणारे म्हणून उभे राहू नये. पाणी कळणारा, हिशेब जाणणारा आणि वेळ आली तर होडी थांबविणारा माणूस खिडकीवर हवा असतो. तो आपल्या घरांतून देता येईल, आणि जे शेतकरी स्वतः होडी ठेवतील त्यांनी त्या माणसाच्या 'नाही'च्या मागे उभे राहावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय किसान.